लाकूड, माती, लोखंड, धान्य

ब्राउझरवर चालणारा स्वतःचा स्ट्रॅटेजी गेम काढायचा म्हणताय? काढा की. फक्त डोक्यात एखादी नवी कल्पना असेल तर ती आधी कागदावर उतरवून घ्या, कागदाची नीट घडी घाला आणि टेबलाचा जो पाय डुगडुगतो त्याच्याखाली सरकवा. आता कामाला लागू.

तुमच्या राज्यात पिकतं काय, इथून सुरुवात. डोकं खाजवत बसू नका, उत्तर ठरलेलं आहे. 2003 साली जर्मनीत 'ट्रायबल वॉर्स' आला. त्यात लाकूड, माती आणि लोखंड. 2004 साली तिथलाच 'ट्रॅव्हियन' आला. त्यात लाकूड, माती, लोखंड आणि धान्य. प्रगती म्हणतात ती हीच. गावाभोवती 18 शेतं : साधारण गावात लाकडाची चार, मातीची चार, लोखंडाची चार, धान्याची सहा. 2009 साली 'ग्रेपोलिस' थेट प्राचीन ग्रीसमध्ये जाऊन पोचला आणि येताना लाकूड, दगड, चांदी घेऊन आला. अंतराळात जायचं असेल तर 2002 च्या 'ओगेम'ची धातू, स्फटिक, ड्युटेरियम अशी यादी तयार आहे. 'इकारियम'वाल्यांनी मध्येच वाइन आणि संगमरवर घुसडले, तो मात्र आगाऊपणा. तुम्ही त्या फंदात पडू नका. पेणला एकाच साच्यातून निघालेल्या गणपतीला कुणी पितांबर रंगवतो, कुणी फेटा बांधतो. तुम्हीही फेट्यावर लक्ष द्या. आणि पेणच्या कारागिराचा हात निदान डोळ्यांच्या आखणीत तरी दिसतो. तुम्हाला तेवढेही कष्ट नाहीत.

मग आलं गणित. हे काम एक्सेल करतं, तुम्ही चहा प्यायचा. 'ओगेम'मधली धातूची पहिली खाण 60 धातू आणि 15 स्फटिकांत होते. पुढची प्रत्येक लेव्हल आधीच्या दीडपट महाग. दुसरी 90, तिसरी 135. खेळणारा म्हणतो, स्वस्त आहे बुवा. विसाव्या लेव्हलला तोच आकडा 1,33,000 वर जातो. आपल्याकडे सावकार नेमकं हेच करायचे तर लोक त्यांच्या वह्या जाळायला निघाले. इथे लोक रात्री तीनचा गजर लावून उठतात, एक बटण दाबतात आणि समाधानाने परत झोपतात. तुम्ही विकता ती ही झोप, हे एकदा नीट समजून घ्या. म्हणजे खऱ्या पैशांनी विकत घ्यायची सोन्याची नाणी कुठे ठेवायची ते आपोआप कळेल. बांधकाम पूर्ण व्हायला घड्याळ आठ तास दाखवतंय? शेजारी 'लगेच पूर्ण करा'. आधी आजार द्यायचा, मग त्याच्याच दारात औषधाचं दुकान टाकायचं.

नव्या खेळाडूला सुरुवातीचे काही दिवस संरक्षण द्या. बाळंतिणीच्या खोलीसारखं, बाहेरचा वारा लागू द्यायचा नाही. मुदत संपली की त्याच सकाळी तीस गावांचा धनी असलेला शेजारी येऊन लाकूड-माती उचलून नेईल, दुपारी पुन्हा येईल, रात्रीही येईल. अशा बळीला खेळाडूंच्या भाषेत 'फार्म' म्हणतात. जो गेममध्ये शेती करायला आला तोच शेत झाला. यातला विनोद तुमचा नाही, पण तो फुकट मिळतोय तर घ्या.

आता खास मराठी माणसासाठी. तुम्हाला शिवकाळ सुचणार, मला माहीत आहे. जरूर घ्या. बराकीला 'छावणी' म्हणा, भाला घेतलेल्या रोमन शिपायाला मुंडासं घाला, तटाला 'बुरूज' लिहा. फक्त एक पथ्य पाळा : सह्याद्री आत येऊ देऊ नका. या गेमांच्या नकाशावर डोंगर म्हणजे बहुधा चौकोनात काढलेलं चित्र असतं. लढाई हल्ल्याचे आकडे आणि बचावाचे आकडे यांच्यात होते आणि ज्याचे आकडे मोठे तो जिंकतो. 1661 साली उंबरखिंडीत कारतलबखानाची मोठी फौज चिंचोळ्या वाटेत मूठभर मावळ्यांनी कोंडली होती. तुमच्या गेममध्ये तो खान अर्ध्या मिनिटात जिंकेल आणि वर माती घेऊन जाईल. वाट, अंधार, पाण्याची टंचाई, शत्रूचा गर्व, यांना एक्सेलमध्ये रकाना नाही. रकाना पाडायला घेतलात तर नवा गेम तयार होण्याचा धोका आहे, म्हणून सांगतो. फारच वाटलं तर दुकानात एक घोरपड ठेवा, 500 नाण्यांना.

जाहिरातीचं टेन्शन घेऊ नका, तिचा खेळाशी संबंध असावाच असं काही नाही. 2009 साली 'एव्हनी'ने (आधीचं नाव 'सिव्हनी', 'सिव्हिलायझेशन' हा गाजलेला गेम आठवला तर योगायोग समजा) नटलेल्या बायकांची चित्रं लावून इंटरनेटभर 'या महाराज, खेळायला या' अशी साद घातली. महाराज आत आले तर आत लाकूड, दगड, लोखंड आणि अन्न. बाई कुठेच नाही. महाराज तरी बसले खेळत.

शेवट कसा करायचा? करू नका. 'ट्रॅव्हियन'मध्ये जगातलं आश्चर्य शंभराव्या लेव्हलपर्यंत बांधलं की तो सर्व्हर, म्हणजे तो अख्खा डाव, संपतो. वर्षभर रात्री जागवणारे सगळे मग सुरुवातीच्या चार खाणींपाशी नव्याने रांगेत उभे. एवढ्यात कुणालाच कंटाळा येत नसेल, तर तुम्ही तरी दुसरा गेम कशाला बनवता? रंग बदला आणि दुसऱ्या नावाने उघडा.

सहा महिन्यांत कुणीतरी तुमची हुबेहूब नक्कल काढेल. तेव्हा गप्प बसायचं नाही. वकील गाठा, तावातावाने पत्रक काढा, त्यात 'आमच्या वर्षानुवर्षांच्या सर्जनशील कष्टांवर दरोडा' असे शब्द असू द्या. आणि खाली पुरावा म्हणून दोन चित्रं शेजारी शेजारी लावा : त्यांनी आमची माती चोरली.