राठ पायांनाही गुदगुल्या होतात

"माझे पाय एवढे खरखरीत, मला कसल्या आल्यात गुदगुल्या!" असं म्हणत जी बाई खुर्चीत बसते, ती पहिल्या मिनिटाला टबातलं निम्मं पाणी माझ्या अंगावर उडवते. इतक्यांदा झालंय हे, की आता असं वाक्य कानावर पडलं की मी आधी मोबाइल लांब ठेवते.

नाशिकच्या गंगापूर रोडला माझं छोटं पार्लर आहे. सगळंच करतो आम्ही, पण माझ्या वाट्याला पाय जास्त. निफाडचा पारा उतरल्याची बातमी पेपरात आली की पुढच्या आठवड्यात टाचांच्या भेगा घेऊन माणसं यायला लागतात. लग्नसराईत तर नवरीच्या आधी नवरीच्या आईचे पाय माझ्यापुढे. म्हणून या विषयावर चार शब्द बोलायचा हक्क आपल्याला आहे, असं मी समजते.

सगळ्यांचा हिशोब ठरलेला असतो. कातडी मऊ तर गुदगुल्या जास्त, कातडी जाड तर कमी. वर पुन्हा एक ठसका असतो, "शेतात राबणाऱ्या बायकांना काही जाणवत नाही हो, शहरातल्या पोरी नाजूक." हे वाक्य मला फार खुपतं. कारण दिंडोरी-निफाडकडच्या, कांदा लागवडीत दिवसभर ओल्या वाफ्यात अनवाणी उभ्या राहणाऱ्या बायका मुलीच्या लग्नाआधी येतात, आणि टाचेवर घट्टे इतके की वज्री दोनदा फिरवली तरी हलत नाहीत. पण बोट जरा पुढे सरकून पायाच्या खोलगट भागाला लागू दे, "ओ ताई, तिथं नका ना, तिथं नका!" करत पाय पोटाशी. उलट कॉलेज रोडची एखादी मुलगी असते, तळवे अगदी मऊसूत, दर महिन्याला क्रीम-बिम सगळं. ती रील बघत बसते आणि तिच्या पायाशी काही चाललंय हे तिच्या गावीही नसतं.

मुळात 'राठ पाय' असा अख्खा पाय नसतोच. जमिनीला टेकतं काय? टाच, चवडा, बाहेरची कड, अंगठ्याच्या खालचा भाग. घट्टे तिथेच पडतात. मधली कमान जमिनीला लागतच नाही, बोटांच्या बेचक्याही नाही. चैत्रात खानदेशातून सप्तशृंग गडावर अनवाणी चालत येणाऱ्यांचे पाय बघा, किंवा पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरला निघालेल्या दिंडीतले. टाचेत चिरा, चवड्यावर फोड, आणि कमान मात्र जशीच्या तशी. लोक टाच बघून अख्ख्या पायाचा निकाल देतात.

चार्ल्स डार्विननं 1872 मध्ये भावना चेहऱ्यावर कशा उमटतात यावर पुस्तक लिहिलं. त्यात गुदगुल्यांचाही विषय आहे. ज्या जागांना एरवी कुणाचा स्पर्श होत नाही तिथे गुदगुल्या जास्त, म्हणजे काख, बोटांच्या बेचक्या. किंवा मग ज्या जागांना नेहमी रुंद, सपाट स्पर्श होतो तिथे, म्हणजे तळपाय. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, या माणसानं पेडिक्युअर केलं असतं तर उत्तम केलं असतं. आमचा सगळा धंदाच त्यावर चालतो. तळव्यावर अख्खा पंजा दाबून धरला तर माणूस डोळे मिटून घेतो, आणि त्याच जागी एक बोट हलकं फिरवलं तर लाथ बसते. जागा तीच, कातडी तीच, फक्त हात बदलला.

आजीकडे काशाची वाटी होती तुमच्या? आमच्याकडे होती. तळपायाला तूप लावायचं आणि वाटी पालथी करून गोल गोल घासत राहायचं, तूप काळं पडेपर्यंत. तूप काळं पडलं की "बघ, किती उष्णता होती अंगात" हे ऐकावं लागे. (उष्णता वगैरे काही नसते, काशातल्या तांब्यामुळे तूप काळवंडतं. पण आजीला हे कोण सांगणार.) सांगायचा मुद्दा वेगळाच. तुपानं पाय इतका बुळबुळीत, इतका मऊ झालेला असायचा, की लोकांच्या हिशोबानं गुदगुल्यांनी जीव जायला हवा. पण झोप लागायची. वाटीचा स्पर्श रुंद, दाब सारखा, आणि ती पुढे कुठे जाणार हे पायाला आधीच कळलेलं.

आता जाड कातडीचं बघू. घट्टा म्हणजे वरच्या मेलेल्या पेशींचे थर. स्पर्श ओळखणारी मज्जातंतूंची टोकं त्याच्या खाली, जिवंत थरांत असतात. म्हणून वाटतं की वर जाड थर आला म्हणजे खाली काही पोचत नसेल. 'नेचर' नियतकालिकात 2019 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांचं काम आलं होतं. केनियातली आणि अमेरिकेतली मिळून शंभरावर माणसं. त्यातल्या अनवाणी चालणाऱ्यांचे घट्टे जाड आणि टणक होते, पण तळव्याला कंप किती जाणवतो हे मोजलं तेव्हा जाड घट्टेवाल्यांची जाणीव कमी निघाली नाही. कारणही पटण्यासारखं आहे. घट्टा जाड असला तरी कडक असतो. लाकडी टेबलाच्या एका टोकाला टिचकी मारली तर दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या हाताला कळतं. मध्ये गादी टाकली तर नाही कळणार. गादीचं काम करतात आपले मऊ तळव्यांचे बूट, घट्टा नाही.

तिथे गुदगुल्या मोजल्या नव्हत्या, कंप मोजला होता, हे खरं. म्हणून त्याच्या जोरावर मी असं नाही म्हणणार की कातडीचा काहीच संबंध नाही. थोडा आहे, आणि तो कुठे आहे तेही दिसतं. अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1897 मध्येच गुदगुल्यांचे दोन प्रकार वेगळे केले होते. एक, पीस किंवा मुंगी फिरल्यासारखी सुळसुळ, जिनं हसू येत नाही, फक्त पाय झटकावासा वाटतो. दुसरा, बोटं रुतवून केलेल्या गुदगुल्या, ज्यांनी माणूस हसून हसून बेजार होतो. सुळसुळीच्या बाबतीत टाचेची राठ कातडी नक्की आड येते. कापसाचा बोळा भेगाळलेल्या टाचेवरून फिरवला तर बऱ्याच जणींना पत्ताही लागत नाही. तीच टाच घासून, कोकम तेल लावून, दोन-तीन बैठकींत मऊ झाली की कापूस कळायला लागतो. पण ज्या गुदगुल्यांनी खुर्ची हलते त्या कातडीवर अवलंबून नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि त्यासाठी मला प्रयोगशाळा लागत नाही. हीच बाई घरी न्हाणीघरात बसून स्वतःच्या पायावर वज्री घासते तेव्हा हसते का? नाही. तोच पाय, तीच वज्री, हात माझा असला की हसते.

याचं उत्तर 1998 मध्ये लंडनच्या संशोधकांनी शोधलं. सारा-जेन ब्लेकमोर आणि तिच्या सहकाऱ्यांनी लोकांना स्कॅनरमध्ये ठेवून तळहाताला स्पंजचा तुकडा लावला, कधी त्यांच्याच हातानं, कधी दुसऱ्याच्या. आपण स्वतः हात हलवतो तेव्हा लहान मेंदू पुढचा स्पर्श कसा असणार हे आधीच वर्तवतो आणि मग त्या स्पर्शाची धार कमी होते. दुसऱ्याचा हात वर्तवता येत नाही. पुढे त्यांनी मध्ये यंत्रमानव घातला. माणसाचा हात हलायचा आणि स्पंज सेकंदाच्या काही दशांश भागाइतका उशिरा हलायचा. उशीर वाढवला तशा स्वतःच्याच हातानं केलेल्या गुदगुल्या वाढल्या. कातडीत तसूभर फरक नाही, बदलली ती फक्त वेळ!

तळपायावरचा प्रयोग याहून गमतीचा. अमेरिकेत 1999 मध्ये क्रिस्टीन हॅरिस आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून सांगितलं, एकदा माणूस गुदगुल्या करेल, एकदा यंत्र. यंत्र नुसतं घरघर करायला ठेवलेलं. दोन्ही वेळा टेबलाखाली लपलेला माणूसच पायाला गुदगुल्या करत होता. पोरं दोन्ही वेळा सारखीच हसली. म्हणजे समोर माणूस आहे असं वाटायलाच हवं असंही नाही, स्पर्श आपल्या ताब्यात नसला की झालं.

मनाच्या अवस्थेचा मात्र फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. घरून भांडून आलेल्या बाईला गुदगुल्या होत नाहीत, हे माझ्याकडच्या नवीन मुलीलाही आता कळतं. बर्लिनमध्ये 2016 मध्ये उंदरांवर हेच दिसलं. एरवी गुदगुल्या केल्या की उंदीर आपल्याला ऐकू न येणाऱ्या बारीक आवाजात चिवचिवतात. उंच फळीवर लख्ख उजेडात बसवले की घाबरतात आणि चिवचिवणं जवळपास बंद. डार्विननंही लिहिलंय, अनोळखी माणसानं लहान पोराला गुदगुल्या केल्या तर ते भीतीनं किंचाळेल. लग्नात मुलांना पकडून पकडून गुदगुल्या करणाऱ्या काकांनी हे वाचायला हरकत नाही. पोरगं हसतंय म्हणजे त्याला मजा येतेय असं नसतं, काका.

आता ज्यासाठी ही एवढी लांब पोस्ट लिहायला घेतली ते. "पाय निबर झालेत, म्हणून काही जाणवत नाही" हा समज निरुपद्रवी नाही. गेल्या हिवाळ्यात एक निवृत्त सर आले होते. टाच घासताना कडेला साल निघालं, रक्ताचा ठिपका आला, माझा हात थांबला, आणि सर मला निवांतपणे द्राक्षांचे भाव सांगत होते. कमानीवर बोट फिरवलं, काही नाही. बोटांच्या बेचकीत, काही नाही. तिथे तर घट्टा नव्हता! विचारलं तर म्हणाले, "शुगर आहे, पण कंट्रोलमध्ये आहे. पाय काय, वयाप्रमाणे निबर झालेत." दुसऱ्या पार्लरमध्ये त्यांचे घट्टे ब्लेडनं तासून काढायचे, तेही त्यांना कौतुकाचं वाटत होतं.

मधुमेहात पायाच्या मज्जातंतूंची जाणीव हळूहळू जाते, दोन्ही पायांची, बोटांकडून वर. दुखत नाही म्हणून कळत नाही. खडा टोचतो, गरम पाण्यानं भाजतं, चप्पल चावते, आणि जखम चिघळल्यावर घरच्यांना वास येतो तेव्हा समजतं. डॉक्टरकडे याची साधी तपासणी असते, 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवतात आणि डोळे मिटून 'लागलं का' सांगायचं. पाच मिनिटांचं काम. वयानं जाणीव थोडी कमी होते हे बरोबर, पण कमानीवर बोट फिरवल्याचंच न कळणं हे वयाच्या किंवा घट्ट्यांच्या खात्यावर टाकू नका. सरांना मी त्या दिवशी पॉलिश न करताच घरी पाठवलं, पैसे घेतले नाहीत, आणि मुलीला फोन लावायला लावला. नंतर त्यांची तपासणी झाली. आता रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघतात.

दिवाळीच्या अपॉइंटमेंट सुरू झाल्यात म्हणून आधीच सांगून ठेवते. गुदगुल्यांच्या भीतीनं पेडिक्युअर टाळणाऱ्यांनी खुशाल यावं. घोटा घट्ट धरून, हात कुठे जाणार ते आधी सांगून, टाचेकडून सुरुवात केली की निम्मं काम होतं. तरीही फारच होत असेल तर तुमचा हात माझ्या हातावर ठेवा, मेंदू थोडा फसतो. शुगर असेल तर बसण्याआधी सांगायचं, पाण्यात पाय घालण्याआधी. पाणी मी कोपर बुडवून बघते, तुमच्या पायाला विचारत नाही. आणि ब्लेड मागू नका, आमच्याकडे ते नाही. सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यामुळे पार्किंगही नाही, रिक्षानं या.