जुन्या लेन्सला बदनाम करण्याआधी

‘फिल्मच्या जमान्यातली लेन्स डिजिटल बॉडीवर लावू नका. मीटर चालत नाही, ५० मिमीची ७५ मिमी होते, अडॅप्टरने क्वालिटी जाते, आणि त्या काचा सेन्सरसाठी बनलेल्याच नाहीत.’ हा मजकूर नव्याने कॅमेरा हाती घेतलेल्यांमध्ये जोरात फिरतो आहे. तो वाचून कुणी कपाटातली चांगली लेन्स भंगारात काढू नये, एवढ्याचसाठी हे लिहितो आहे.

मीटरपासून, म्हणजे कॅमेऱ्याच्या उजेड मोजण्यापासून सुरुवात करू. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा थेट सेन्सरवर पडणारा उजेड मोजतो. अॅपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाची रिंग टकटक करत एफ/२ वरून एफ/८ वर नेली की ब्लेड मिटतात, उजेड कमी होतो आणि अॅपर्चर प्रायॉरिटीवर (अॅपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेऱ्याने) शटर आपोआप संथ होतं. मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय मात्र चालू हवा, कारण चिप नसलेली जुनी लेन्स कॅमेऱ्याला ओळखूच येत नाही. तो बंद असला की बटण दाबूनही फोटो निघत नाही आणि खापर लेन्सवर फुटतं. निकॉनच्या डी३०००, डी५००० मालिकेच्या बॉडीवर चिप नसलेली लेन्स लावली तर मीटर खरोखर चालत नाही. पण ते बंधन त्या बॉडीचं आहे.

५०ची ७५ कधीच होत नाही. बऱ्याच डिजिटल बॉडींतला एपीएस-सी सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्यामुळे चित्राचा मधलाच भाग घेतो. कालच बनलेली ५०ची लेन्स लावा, तेवढंच दिसेल.

अडॅप्टरबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे. एम४२ या जुन्या स्क्रूच्या लेन्सला माउंटपासून (लेन्स बॉडीला जिथे बसते तिथपासून) फिल्मपर्यंत ४५.४६ मिमी अंतर लागतं, सोनी ई बॉडीत ते १८ मिमी आहे. मधले साडेसत्तावीस मिमी भरून काढणारी पोकळ धातूची नळी, म्हणजे अडॅप्टर. त्यात काचच नाही, तर क्वालिटी जाईल कशाने? अडचण उलट्या बाजूला येते. कॅननच्या जुन्या एफडी लेन्सला ४२ मिमी हवेत आणि कॅननच्याच नंतरच्या ईएफ बॉडीत ४४ आहेत. तिथे दूरचा फोकस मिळवायला अडॅप्टरमध्ये जादा काच बसवावी लागते, आणि ती चित्र खरोखर मऊ करते. हा अनुभव सरसकट सगळ्यांच्या माथी मारला गेला.

‘सेन्सरसाठी बनलेल्या नाहीत’ यात मात्र तथ्य आहे, अर्धं. सेन्सरवर काचेचा थर असतो. रेंजफाइंडर, म्हणजे आरसा नसलेल्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या वाइड लेन्समधून किरण कडेला फार तिरके येतात, त्या थरातून जाताना कोपरे फिसकटतात, कधी रंगही चढतो. एसएलआरच्या, म्हणजे आरशातून बघायच्या कॅमेऱ्याच्या लेन्सला मात्र आरशासाठी जागा सोडावीच लागायची, त्यामुळे मागची काच लांब राहते आणि किरण बरेच सरळ येतात. एसएलआरच्या ५०, ८५, १३५ मिमी या लेन्स बिनधास्त लावा. समोरून उजेड आला तर कॉन्ट्रास्ट पडतो, तेवढं हूड लावून सांभाळा. आणि व्ह्यूफाइंडर मोठा करून पापणीवर फोकस बसवून बघा. पहिल्या दिवशी दहातले सात चुकतात, आठवड्याने हात बसतो. धावणाऱ्या मुलांसाठी ऑटोफोकसच बरा, हे मी मान्य करतो.

खरी तपासणी लेन्सच्या तब्येतीची करा. मागून टॉर्च मारा: कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी आहे. ब्लेडवर तेलाची चमक असेल तर त्या चिकटतात. जुन्या ५० मिमी एफ/१.४ टाकुमार या पेंटॅक्सच्या लेन्सची काच पिवळी दिसली तर घाबरू नका. तो काचेत मिसळलेल्या थोरियम या किरणोत्सारी धातूचा परिणाम आहे, अतिनील प्रकाशात ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो.