इअरफोनच्या खोक्यातली छोटी पाकिटे

वायरच्या महागड्या इअरफोनचे खोके उघडून दाखवणारे व्हिडिओ मी आवडीने पाहतो, आणि त्यांतल्या बहुतेकांबद्दल माझी एकच तक्रार आहे. झाकणाची ठेवण, धातूच्या कवचाची झळाळी, चामडी पेटी यांवर मिनिटेच्या मिनिटे जातात आणि इअरटिप्सची, म्हणजे इअरफोनच्या तोंडावर चढवून कानात घालायच्या मऊ टोप्यांची पाकिटे मात्र ‘या नेहमीच्या टिप्स’ एवढे म्हणून बाजूला सरकवली जातात. माझे मत नेमके उलट आहे. कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनचा आवाज आपल्याला कसा लागणार, याचा मोठा निकाल त्या पाकिटांतच लागतो, आणि म्हणून खोके उघडल्यावर सर्वांत जास्त वेळ तिथे द्यायला हवा.

इअरफोनचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग, आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेची अगदी छोटी पोकळी राहते. ती पोकळी नीट बंद असेल, तरच खालचे स्वर पडद्यापर्यंत पुऱ्या दाबाने पोहोचतात. टिप किंचित सैल राहिली तरी आधी खर्ज निसटतो, आणि वरचे स्वर तसेच उरल्यामुळे आवाज पातळ व कर्कश वाटू लागतो. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला हे चटकन कळते, कारण डग्ग्याचा घुमारा नाहीसा होऊन तबल्याच्या चाटेवरचे बोल तेवढे ठळक राहतात, आणि तंबोऱ्यातल्या खर्जाच्या तारेचा भरणा जाऊन वरची झणझण मागे उरते. अशा वेळी दोष इअरफोनला दिला जातो, आणि खरा इलाज त्याच खोक्यात, न फोडलेल्या पाकिटात पडून असतो.

उदाहरण म्हणून मी एटिमोटिक कंपनीच्या ईआर४एसआर या इअरफोनचे खोके घेतो. श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातले अभियंते मीड किलियन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ही कंपनी काढली, १९९१ मध्ये तिचा पहिला ईआर४ बाजारात आला, आणि एसआर ही त्याच घराण्यातली २०१६ ची आवृत्ती. खोक्यात थाटमाट फारसा नाही. पण जी वस्तू आहे तिला काम आहे, आणि हीच गोष्ट मला मोलाची वाटते.

सिलिकॉनच्या तीन कड्यांच्या टिप्स मोठ्या आणि लहान अशा दोन मापांत मिळतात, शिवाय फोमच्या टिप्स वेगळ्या असतात. तीन कड्यांची ती लांबट टिप पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही एवढी आत जाणार कशी, असे वाटते. ती घालण्याची एक रीत आहे. टिप किंचित ओली करावी, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाच्या पाळीचा वरचा भाग वर आणि बाहेरच्या बाजूला ओढावा, म्हणजे कानाची नळी सरळ होते, आणि मग टिप हलकेच फिरवत आत सरकवावी. दुखू लागले तर मात्र जबरदस्ती करू नये. बाहेरचा पंखा, रहदारी, शेजारचे बोलणे एकदम दूर गेले, की टिप बसली असे समजावे. फोमची टिप बोटांत वळून बारीक करावी, कानात घालावी आणि ती फुगेपर्यंत धरून ठेवावी. काढताना केबलला हिसका न देता इअरफोनच धरून सावकाश फिरवत बाहेर घ्यावा. आपल्या दोन्ही कानांच्या नळ्या अनेकदा एकाच मापाच्या नसतात, त्यामुळे उजव्याला एक आणि डाव्याला दुसरे माप लागले तर त्यात वावगे काही नाही.

त्यानंतरची बारीकशी वस्तू म्हणजे शर्टाला लावायची क्लिप. टिप इतकी घट्ट बसल्यावर केबल कपड्यावर घासल्याचा आवाजही थेट कानात शिरतो. क्लिपने केबल गळ्याजवळ अडकवली की तो बराच कमी होतो. व्हिडिओंत ही क्लिप दिसली तर दिसली.

इअरफोनच्या नळीच्या तोंडाशी एक चिमुकला फिल्टर बसवलेला असतो. तो कानातला मळ आत जाऊ देत नाही आणि वरच्या स्वरांतला नको तो उठाव दाबतो. म्हणजे फिल्टर तुंबला की आवाज दबतो किंवा दोन बाजूंत फरक पडतो. कंपनी जादा फिल्टर आणि ते काढायचे हत्यार खोक्यातच देते, हे मला कोणत्याही मखमली अस्तरापेक्षा महत्त्वाचे वाटते. आपल्याकडच्या दमट हवेत आणि घामात ही देखभाल अधिकच गरजेची आहे. सिलिकॉनच्या टिप्स काढून साबणाच्या पाण्याने धुता येतात, मात्र पूर्ण वाळल्याशिवाय त्या पुन्हा चढवू नयेत. फोमच्या टिप्स कडक किंवा कळकट झाल्या की बदलाव्याच लागतात.

खोक्यात आणखी एक कागद असतो, आणि मला तो सर्वांत भावतो. त्या विशिष्ट जोडीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या आवाजाची प्रत्यक्ष मोजणी करून काढलेला आलेख त्यावर छापलेला असतो. गाणाऱ्याचा आवाज डोक्याच्या बरोबर मध्ये ऐकू यायचा असेल, तर दोन्ही बाजू जुळलेल्या असाव्या लागतात. बहुतेक कंपन्या सुरेख छपाईचे आभारपत्र देतात. त्याऐवजी प्रत्येक महाग इअरफोनबरोबर असा आलेख यायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

उणीवही आहे. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी ६.३५ मिलिमीटरचा जोड मिळतो, पण मोबाइलला जोडायची यूएसबी-सी तार मिळत नाही. २०१६ मध्येच आयफोन ७ मधून इअरफोन जोडायचा ३.५ मिलिमीटरचा जॅक गेला आणि नंतर इतरांनीही तो काढला. वायरच्या इअरफोनला इतके पैसे मोजणाऱ्या माणसाला ही तार वेगळी विकत घ्यावी लागू नये, आणि हे मी सगळ्याच कंपन्यांना उद्देशून म्हणतो आहे. पेटी आणि पाउच ठीक आहेत, त्यांवर अधिक बोलण्यासारखे नाही.

टिप नीट बसण्याचा आणखी एक फायदा कानाच्या आरोग्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित धरले जाते, आणि आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने कमी होते. लोकलमध्ये सैल टिप्स लावून ऐकणारा माणूस गाडीचा खडखडाट झाकण्यासाठी आवाज वाढवत नेतो. टिप घट्ट असेल तर हलक्या आवाजातही गाण्यातले बारकावे पोहोचतात. रस्त्यावर चालताना मात्र असे इअरफोन मुळीच घालू नयेत, कारण मागून येणारी गाडी खरोखरच ऐकू येत नाही.

तेव्हा व्हिडिओ करणाऱ्यांना माझी विनंती आहे, की टिप्सची सगळी मापे एकेक करून लावून दाखवा आणि प्रत्येकीने आवाजात काय बदलले ते सांगा. विकत घेणाऱ्यांनीही पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारावे, की या इअरफोनच्या टिप्स, फिल्टर आणि केबल भारतात सुट्या मिळतात का, आणि केवढ्याला.