जाईची बाटली, लॅव्हेंडर आणि आईंची झोप : एकच तारा दिलेल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या सुगंधी तेलांच्या दुकानाबद्दलचा तुमचा अभिप्राय वाचला. तुमचं म्हणणं असं: जाईच्या तेलाला जाईचा वास नाही. लॅव्हेंडर बनावट, कारण कागदावर टाकलं तर काही वेळाने डागच उरला नाही. आठवडाभर रात्रभर डिफ्यूझर (तेलाचा वास हवेत पसरवणारं मशीन) चालवूनही आईंना झोप नाही, उलट सकाळी डोकं जड. आणि आमच्या काउंटरवरच्या मुलीने ‘हे सुरू केलं की झोपेची गोळी सोडता येते’ असं सांगितलं. वर पैसे परत मागितले तर ‘फोडलेली बाटली घेत नाही’ असं तोंडावर उत्तर.

गोळीचं आधी बोलते. ती तसं बोलली, हे तिने कबूल केलंय. असं सांगायचा अधिकार तिला नाही आणि मलाही नाही. झोपेच्या काही गोळ्या रोज घेणाऱ्याने एकदम थांबवल्या तर झोप आधीपेक्षा बिघडते, जीव घाबरा होतो, कधी झटकेसुद्धा येतात. त्या कमी करायच्या असतील तर डॉक्टरांनी, पायरीपायरीने. आईंनी गोळी बंद केली असेल तर आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. माझं पुढचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. या एका गोष्टीसाठी मनापासून माफी मागते.

जाईबद्दल तुमचं नाक बरोबर आहे. ३५० रुपयांच्या त्या बाटलीत जाईचं तेल नाहीच, जाईसारखा वास देणारं सुगंधी द्रव्य आहे. लेबलवर तसं लिहिलंय, पण मागच्या बाजूला, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. पुढे मात्र ‘जाई’ ठळक आणि फुलांचं चित्र. आपल्या गोव्यातल्या म्हार्दोळच्या प्रसिद्ध जायांवर वाढलेल्या बाईला असं विकणं म्हणजे मासे विकणारीला कालचा बांगडा ताजा म्हणून देण्यासारखं. खरं तर जाईचं तेल लॅव्हेंडरसारखं वाफेवर नीट निघत नाही, नाजूक फूल उष्णतेने मरतं. म्हणून द्रावक वापरून अर्क काढतात, आणि एक किलो अर्काला सातशे-हजार किलो फुलं लागतात. पूर्वी आपल्याकडे तिळांवर फुलांचे थर देऊन, फुलं बदलत बदलत तीळ वासाचे झाले की मग ते घाण्यावर घालायचे. जाई खुडल्यावरही वास सोडत राहते, म्हणून हे जमतं. आणि म्हणूनच रात्री उशाशी ठेवलेली फाती, म्हणजे जाईचा गजरा, पहाटेपर्यंत घमघमते. आईंना जाईच हवी असेल तर संध्याकाळी देवळाबाहेरून फाती घ्या, बाटली नको. माझ्या धंद्याला हे परवडणारं नाही, पण खरं तेच आहे. ती बाटली फळीवरून काढली आहे. नवं लेबल लागल्याशिवाय परत ठेवणार नाही.

लॅव्हेंडरच्या बाबतीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. कागदावर डाग राहिला नाही, तसंच व्हायला हवं. हे खोबरेलासारखं तेल नव्हे, उडून जाणारं आहे. डाग राहिला असता तर आत दुसरं साधं तेल मिसळल्याचा संशय आला असता. अर्थात डाग न राहिल्याने ते अस्सल ठरत नाही, कारखान्यात बनवलेला वासही उडूनच जातो. त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. तुमच्या बाटलीच्या बॅचचा अहवाल दुकानात आहे, कधीही येऊन बघा. माल जम्मूतल्या भद्रवाहचा आहे. ‘गोव्याचं लॅव्हेंडर’ म्हणून कोणी विकलं तर घेऊ नका, आपल्या दमट हवेत ते झाड धड जगत नाही.

डोकं का जड झालं, याचा माझा अंदाज असा. तुम्ही लिहिलंय, पंधरा-वीस थेंब, एसी लावून खोली बंद, आणि रात्रभर. शंभर मिली पाण्याला तीन-चार थेंब पुरतात, तेही झोपण्याआधी अर्धा तास, मग मशीन बंद. तुम्हाला हे कळणार कुठून? आतलं पत्रक इंग्रजीत, बारीक टायपात. मराठी पत्रक छापायला दिलंय. आणखी एक, हे आम्ही विकतानाच सांगायला हवं होतं: ते मशीन पाण्याचा फवारा हवेत सोडतं. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, त्यात बंद खोलीत रात्रभर ओलावा कशाला? जून ते सप्टेंबर कापसाच्या बोळ्यावर एक-दोन थेंब टाकून बोळा पलंगापासून हातभर लांब ठेवला की झालं. आईंना दमा असेल तर तेही नको. घरात मांजर असेल तर डिफ्यूझर लावूच नका, मांजराच्या यकृताला ही तेलं पचत नाहीत. आणि तेल अंगाला लावायचं असेल तर खोबरेलात मिसळून, ३० मिलीला बारा थेंबांपेक्षा जास्त नाही.

एवढं करून झोप लागेल का? शपथेवर नाही सांगणार. लॅव्हेंडरवर अभ्यास झालेत, पण बरेचसे लहान, आणि वास लपवून चाचणी घेणं अवघड. काहींना बरं वाटतं, काहींना शष्प फरक पडत नाही. माझ्या सासूबाई दुसऱ्या गटातल्या. आठवड्यातून तीन रात्री आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ झोप येत नसेल तर ते दुकानात सोडवायचं काम नाही. त्यासाठी गोळ्यांशिवायचे उपचारही असतात, झोपण्या-उठण्याच्या सवयी आणि झोपेबद्दलच्या चिंतेवर समुपदेशक काम करतात. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

पैशांचं. जाईचे ३५० आणि लॅव्हेंडरचे ६५०, दोन्ही परत. लॅव्हेंडरची बाटली आणू नका, फोडलेली मला विकता येत नाही. पण झाकण घट्ट लावून, उन्हापासून लांब ठेवा, हवा लागलेलं जुनं तेल कातडीला खाज आणतं. डिफ्यूझर मात्र आतलं पाणी ओतून टाकून, पुसून घेऊन या, त्याचेही देते. त्या मुलीला मी कामावरून काढलेलं नाही, गोळ्यांचं नाव काढायचं नाही एवढं बजावलंय. तुम्ही याल तेव्हा तिला स्वतः तुमच्याशी बोलायचंय. सोमवारी दुकान बंद असतं.

देव बरें करूं.

दुकानाची मालकीण, फोंडा