‘कधी साइटवर न गेलेल्या’ माणसाचं उत्तर

नमस्कार. नाव लिहिलं नाहीत, म्हणून नुसताच नमस्कार.

पोलादी इमारतीत मधल्या दुय्यम बीमना (मुख्य बीमच्या मधल्या, स्लॅब पेलणाऱ्या) अग्निरोधक लेप नसला तरी भागू शकतं, या माझ्या लेखातल्या म्हणण्यावर तुम्ही लिहिलंत: ‘बिल्डरचे पैसे वाचवायला निघालेला हा माणूस कधी साइटवर गेलेला दिसत नाही. आणि दहा वर्षांनी लेप उडाला तर बघणार कोण?’

एक चूक कबूल. इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनला मुद्दाम आग लावून तपासलेली पोलादी इमारत आठ मजली होती, मी लेखात दहा लिहिलं. दुरुस्त केलंय.

आता साइट. १९९८च्या जुलैत डोंबिवलीहून लोकलला लटकत अंधेरीच्या साइटवर रोज कोण जात होतं? कंत्राटदाराने पोलादावर आगीत फुगून त्याला वाचवणारा रंग मारला आणि वरचा टॉपकोट न देताच पावसात सोडून दिला. बुडबुडे आलेला तो रंग गड्यांबरोबर मीही पत्र्याने खरवडलाय. तेव्हा आपण कुठे होतात, ते विचारत नाही.

आणि ‘पैसे वाचवायला’ म्हणजे काय हो? पोलाद वितळतं १५०० अंशांच्या आसपास, पण ५५०लाच त्याची ताकद निम्म्यावर येते. आयएस ८००:२००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकात, बीम किती अंशांपर्यंत टिकेल याचं सरळ सूत्र आहे: ९०५ वजा ६९० गुणिले भाराचं प्रमाण. आगीच्या वेळी बीमवर क्षमतेच्या निम्मा भार असेल तर मर्यादा ५६० अंश, ०.४ असेल तर ६२९. शिवाय जाडजूड सेक्शन (म्हणजे बीमचा आडवा छेद) सावकाश तापतो, त्याला लेप पातळ पुरतो. कधीकधी एक साइज वरचा सेक्शन घेणं रंगापेक्षा स्वस्त पडतं. सगळीकडे सारखाच लेप फासणं ही सुरक्षा नव्हे, आळस आहे.

कार्डिंग्टनला नव्वदच्या दशकात उघडे बीम १००० अंशांच्या पुढे तापले. स्लॅब झोळीसारखी लोंबली, पण मजला खाली आला नाही. एका चाचणीत कॉलमचा छताजवळचा भाग उघडा ठेवला होता, तो मात्र चेपला. म्हणूनच कॉलम, कडेचे बीम आणि स्लॅबमधली सळयांची जाळी यांत काटकसर नको, असं मी लिहिलंय. लेख पुन्हा वाचा. यावेळी शेवटपर्यंत.

राहिला दहा वर्षांनी बघणार कोण हा प्रश्न. तो सोसायटीच्या वार्षिक सभेत विचारा. मी डिझाइनवर लिहितो.