'रामदास' १७ जुलैला बुडाली, १७ ऑगस्टला नव्हे

अलिबाग-रेवसकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: "स्वातंत्र्यानंतर दोनच दिवसांनी, १७ ऑगस्ट १९४७ला रामदास बोट बुडाली. गटारीच्या नशेत प्रवाशांनी दंगा केला, म्हणून ती कलंडली." खाली पणतीचं चित्र. पाठवणाऱ्यांना श्रद्धांजलीच वाहायची असणार, पण दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

तारीख १७ जुलै १९४७, वार गुरुवार. स्वातंत्र्य अजून चार आठवडे दूर होतं.

गटारी अमावास्या होती, हे खरं. म्हणूनच तर मुंबईत पोटापाण्यासाठी गेलेली माणसं सकाळी भाऊच्या धक्क्यावर आली. सणाला घर गाठायचं होतं, रेवसला उतरून आपापल्या गावी जायचं होतं. काशाच्या खडकाजवळ वादळी पावसाने गाठलं. मोठ्या लाटेने बोट झुकली, भेदरलेली माणसं एका अंगाला धावली आणि ती उलटली. सहाशेहून जास्त जीव गेले. जीव वाचवायच्या त्या धडपडीला दंगा म्हणायचं? वाचून पोटात तुटतं.

बोटीवर बिनतारी यंत्रणाही नव्हती. वाचलेले किनाऱ्याला लागले, तेव्हा कुठे दुपारनंतर मुंबईला कळलं. रेवसकडच्या कोळी बांधवांनी कितीतरी जणांना खवळलेल्या पाण्यातून होड्यांत ओढून घेतलं. त्या मजकुरात त्यांचा उल्लेखही नाही.

तुम्ही तो पुढे पाठवला असेल, तर कृपया त्याच ग्रुपवर ही दुरुस्ती टाका. गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं तिथेच आहेत, तेही तो मजकूर वाचतात.