पत्र्यावरचा वेताळ

रामानंद सागरांची 'विक्रम और बेताल' ही मालिका दूरदर्शनवर १९८५ साली सुरू झाली. ती मी सबंध ऐकली. पाहिली नाही, कारण अँटेना धरायचं काम माझ्याकडे होतं.

साताऱ्यात शनिवार पेठेत आमचं पत्र्याचं घर होतं. रविवारी साडेचारच्या सुमाराला खाली अण्णा, आई, आत्या आणि चपला बाहेर काढून बसलेली निम्मी आळी, आणि वर पत्र्यावर नऊ वर्षांचा मी. दांडा हातात धरला की चित्र यायचं, सोडला की मुंग्या. गोष्टीत राजानं तोंड उघडलं की वेताळ उडून झाडावर जायचा. आमच्याकडे मी तोंड उघडलं की राजा, वेताळ, झाड आणि स्मशान सगळंच उडून जायचं. कारण "काय झालं?" विचारायला मी वाकायचो आणि दांडा हलायचा. मग खालून एकमुखानं "अरेऽऽ!" अशी आरोळी. त्या मालिकेतला माझ्या आठवणीतला सगळ्यात भीतिदायक आवाज तोच.

एवढं जुनं उकरायचं कारण यंदाच्या दिवाळीत घडलं. आत्या कराडहून आली होती. फराळाला बसल्या बसल्या अण्णांनी तिला तीन नवरदेवांची गोष्ट काढून डिवचलं. मंदारवती नावाच्या मुलीवर तिघांचं प्रेम, आणि ती मरते. एक जण तिच्या राखेवर झोपून राहतो, एक अस्थी घेऊन गंगेला जातो, तिसरा गोसावी होऊन भटकतो, कुठूनसा मंत्र मिळवतो आणि तिला जिवंत करतो. आता ती बायको कुणाची? वेताळाच्या या प्रश्नाला राजानं टीव्हीत काय उत्तर दिलं, यावर या भावंडांचं चाळीस वर्षं जमत नाही. अण्णा म्हणतात, राखेवर झोपणाऱ्याची. आत्या म्हणते, मंत्रवाल्याची.

"कष्ट त्यानं करायचे आणि बायको भलत्याची? नुसतं झोपून राहणाऱ्यालाच नवरा म्हणायचं, तर मग आमचे हे काय वाईट?" आत्या म्हणाली. मामांनी चकलीतून मान वर केली नाही.

मी नगरवाचनालयातून कथासरित्सागराचा मराठी अनुवाद आणला. काश्मिरात ११व्या शतकात सोमदेवानं हा ग्रंथ रचला आणि वेताळाच्या पंचवीस गोष्टी त्यातच आहेत. ही दुसरीच. उत्तर स्वच्छ दिलेलं: जिवंत केलं तो बापासारखा, अस्थी गंगेला नेल्या तो मुलासारखा, राखेवर झोपला तोच नवरा. मी ते मोठ्यांदा वाचून दाखवलं. अण्णांनी जिंकल्याच्या थाटात लाडू उचलला.

आत्या शांतपणे म्हणाली, "सोमदेव आमच्याकडं टीव्ही बघायला येत होता का रे? पुस्तकात काय का असेना. टीव्हीत वेगळं होतं."

इथं एक गोष्ट नोंदवून ठेवतो. मालिका हिंदीत होती आणि आत्याचं हिंदी मंडईपुरतं. पण हे तिच्यासमोर बोलायची छाती अण्णांचीही नाही. ठरलं एवढंच की तो भाग शोधायचा आणि तो मी शोधायचा. 'तू तर वरच होतास,' हे आत्याचं त्यामागचं कारण. ते मला अजून कळलेलं नाही.

पहिला हल्ला मोबाइलवर. विक्रम आणि वेताळ या दोन शब्दांत इतकी गर्दी असेल, याची मला कल्पना नव्हती. २००९ची मालिका निघाली, २०१८ची निघाली. त्यांतली भुतं जिममध्ये जाऊन आलेली. आमचा वेताळ म्हणजे सज्जन नावाचे नट, पांढरे केस मोकळे सोडून हसणारे. नुसतं 'वेताळ' टाकलं तर मुखवटा घालून घोड्यावर बसलेला इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ हजर. नुसतं 'विक्रम' टाकलं तर चांद्रयानाचा लँडर. हा विक्रम सप्टेंबर २०२३ पासून एक अक्षर बोललेला नाही. आपल्या वेताळाची गाठ याच्याशी पडली असती, तर पंचविशी पहिल्याच खेपेला आटोपली असती.

मधूनच अरुण गोविल दिसायचे, पण धनुष्यासह. 'रामायण' सुरू झालं १९८७च्या जानेवारीत. म्हणजे आमच्या विक्रमाचा तोवर राम व्हायचा होता. पण आईला हा क्रम मान्य नाही. खांद्यावर प्रेत टाकून चाललेला त्यांचा एक फोटो मी दाखवला, तर तिनं आधी हात जोडले आणि मग म्हणाली, "देवाला काय काय करायला लावतात मेले."

मग मी राजवाड्याजवळच्या व्हिडिओ लायब्ररीवाल्याला गाठलं. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मालक तेच, फक्त केस गेलेले. "कॅसेटी?" ते म्हणाले. "लका, त्या किलोवर घातल्या भंगारात. तुमच्या गोडोलीच्या त्या पाहुण्यांना इचारा. त्यांनी टीव्हीवरचं लई रेकॉर्ड केलं होतं."

गोडोलीच्या पाहुण्यांकडे खरोखरच कॅसेट निघाली. पाठीवर निळ्या शाईत 'विक्रम-वेताळ' लिहिलेलं. उघडून पाहिली तर फितीवर पांढरी बुरशी. ती फीत तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर हेडही जातं, हे ज्ञान पाहुण्यांचा व्हीसीआर बंद पडल्यावर मिळालं. मेकॅनिक शोधण्यात एक आठवडा गेला. जो सापडला तो म्हणाला, "काका, हे घरात ठिवा शोला." शेवटी त्याचे वडील आतून उठून आले, त्यांनी हेड पुसलं, फीत हातानं फिरवत साफ केली आणि पैसे घेतले नाहीत. मी कॅसेट-व्हीसीआर घरी आणला. तर पिवळी-लाल-पांढरी पिन खोचायला आमच्या नव्या टीव्हीला भोकंच नाहीत! ती पिन बसेल असा डबा पोवई नाक्यावरून आणला. मग सगळे जमले. कॅसेट आत सरकली, खरखर झाली आणि पडद्यावर मुंज सुरू झाली.

आम्ही चाळीस मिनिटं ती मुंज पाहिली. आत्या म्हणाली, पुढं असेल. अण्णा म्हणाले, मागं होतं. मातृभोजन झालं, भिक्षावळ झाली, पंक्तीत कुणीतरी मठ्ठा सांडला. वेताळ काही आला नाही. पाहुण्यांना फोन केला तर ते गहिवरले. धाकट्याची मुंज इतकी वर्षं सापडत नव्हती म्हणे. वेताळ पुसून त्यावर मुंज घेतली होती आणि चिठ्ठी बदलायची राहिली होती. त्यांना तरी काय बोलणार? टेपा महाग होत्या, म्हणून खुद्द दूरदर्शनवरही जुन्यावर नवं चढवायची रीत होती.

शेवटी मुलगा परीक्षा संपवून पुण्याहून आला. त्यानं चार मिनिटांत शोधून दिलं. हिंदीत, 'बेताल' असं, तीन वेगळी स्पेलिंगं टाकून. कुणा भल्या माणसानं जुने भाग चढवलेले. चित्र असं, की ते बघून अण्णांना आमचा जुना टीव्ही आठवला आणि डोळे भरून आले.

आत्याला कराडहून बोलावून घेतलं. रविवारच धरला, साडेचारच. सतरंजी अंथरली. पाटीवर नाव आलं, झाड आलं, राजा आला, आणि पडद्याच्या मधोमध एक गोल फिरू लागला.

"वायफाय गंडलंय, बाबा," मुलगा म्हणाला. "तुमच्या मोबाइलच्या नेटवर लावू. पण इथं खाली रेंज नाही."

मी मोबाइल घेऊन उठलो. खिडकीत एक काडी. जिन्यात दोन. गच्चीवर, अजिंक्यताऱ्याकडे तोंड करून हात डोक्याच्या वर धरला, तेव्हा खालून ओरडा आला, "आलं! आलं! हलू नकोस!"

समोर किल्ल्यावर टीव्हीचा टॉवर दिसत होता. हाताला रग लागली होती. खालून वेताळाचं हसणं ऐकू आलं, मग बराच वेळ नुसताच त्याचा आवाज. मग तो थांबला. म्हणजे प्रश्न विचारून झाला असावा. राजा काहीतरी बोलू लागला. त्याच वेळी खालून टाळी ऐकू आली. अण्णांची का आत्याची, ते कळेना.

"काय झालं?" मी वाकून विचारलं.

"अरेऽऽ!"